मे महिन्याची पातळी जूनमध्ये मोजता येत नाही

पदवीधर मतदारसंघांतून महाराष्ट्र विधान परिषदेवर निवडून गेलेल्या सातही सन्माननीय सदस्यांस,



विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी आपण सात जण केवळ पदवीधरांच्या मतांवर सभागृहात जाता. या मतासाठी नाव आपोआप यादीत येत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झाल्यावर नमुना १८ भरावा लागतो, प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते आणि प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने होते म्हणून हे सगळे पुन्हा करावे लागते. मी ते केले आहे. पुणे पदवीधर मतदारसंघाच्या यादीत माझे नाव आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या विहिरींवर मी भूशास्त्रात पीएचडी करते आहे. शिकलेल्यांचे म्हणणे सभागृहात मांडायला राज्यघटनेने वेगळी जागा ठेवली आणि त्या जागेवर आपण बसला आहात, म्हणून हे पत्र आपल्याला.

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपल्याच सभागृहात सारथी या शासकीय संस्थेच्या अधिछात्रवृत्तीवर चर्चा चालली होती. पीएचडी करून ही मुले काय दिवा लावणार, अशा अर्थाचा सवाल तेव्हा सरकारी बाकांवरून आला. त्या रात्री आमच्या मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. बहुतेकांना तो अपमान वाटला, मलाही वाटला. पण राग ओसरल्यावर तो प्रश्न मला प्रश्न म्हणूनच घ्यावासा वाटू लागला. लोकांच्या करातून ज्याच्यावर महिन्याला हजारो रुपये खर्च होतात त्याला ‘तू नक्की काय करतोस’ असे विचारायचा अधिकार सभागृहाला आहे. माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिनेही तिच्या शब्दांत मला हेच विचारले आहे, आणि ती विचारते तेव्हा उत्तर टाळता येत नाही.

तर मी काय करते ते आधी सांगते.

माण तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही बराच भाग परतीच्या पावसावर अवलंबून. जमिनीखाली बेसॉल्ट. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून जास्त भूभागाखाली हाच खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट कातळ, वरचा भाग सच्छिद्र, त्यातली छिद्रे पुष्कळदा पांढऱ्या गारांनी भरलेली. या खडकाच्या पोटात तळे नसते. पाणी राहते ते मुरमात, सांध्यांत, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या फटीत. झिजलेल्या बेसॉल्टच्या एका घनमीटरातून उपसून मिळणारे पाणी वीस-तीस लिटर, त्यापलीकडे फारसे नाही. म्हणून ऑक्टोबरात तुडुंब दिसणारी विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते आणि बांधापलीकडची विहीर मेपर्यंत टिकते. असे का होते, आणि डोंगराच्या उतारावर चर खणल्यावर खालच्या कोणत्या विहिरीला त्याचा लाभ होतो व कोणत्या विहिरीला होत नाही, हा माझा विषय. पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षांत या भागातल्या गावांनी रणरणत्या उन्हात श्रमदान करून चर खणले आहेत. त्या घामाचे पाणी कुठे गेले हे त्या माणसांना कुणीतरी नीट मोजून सांगायला हवे, असे मला वाटले.

काम दिसायला अगदी साधे आहे. टेप घेऊन ठरलेल्या विहिरींवर जायचे, काठावरच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे, तारीख-वेळ घालून वहीत लिहायचे. काही विहिरींवर उपसा चाचणी घ्यायची, म्हणजे पंप लावून पाणी उतरवायचे, मग पंप बंद करून विहीर किती वेळात पुन्हा भरते ते पाहत काठावर बसायचे. आधी दर मिनिटाला नोंद, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. काही विहिरी भरायला अख्खी रात्र घेतात. बॅटरीच्या उजेडात आकडे लिहिताना सोबतीला वस्तीवरची एखादी काकी घोंगडी पांघरून बसते. तिच्या मुलीचे लग्न, सासऱ्यांनी ही विहीर किती सुरुंग लावून खोदली, बाहत्तरच्या दुष्काळात ती आटली होती की नाही, हे सगळे ऐकायला मिळते. या शेवटच्या माहितीसाठी माझ्या तक्त्यात सुरुवातीला रकानाच नव्हता, तो मी नंतर आखला. कारण पन्नास वर्षांपूर्वी ही विहीर कशी वागली हे सांगणारे दुसरे कोणतेही साधन मला त्या वस्तीवर मिळणार नव्हते.

पहिल्या वर्षी गावाने मला पाणाडी समजले. नारळ हातावर धरून किंवा कडुनिंबाची फांदी घेऊन पाणी दाखवणारी माणसे तिथे ओळखीची, त्यामुळे टेप घेऊन फिरणारी मुलगीही त्यातलीच. ‘पोरी, आमच्या रानात कुठं लागंल ते तेवढं सांग,’ असे म्हणत लोक मला बांधाबांधाने फिरवत. पाणाडी ठामपणे पायाखालची जागा दाखवतो. मला मात्र ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ असे म्हणावे लागे. हे वाक्य उच्चारायला मला फार जड गेले. शाळेपासून आम्हाला उत्तर येत असेल तर हात वर करायला शिकवलेले असते. ज्याचे उत्तर येत नाही तो मान खाली घालतो. आता मान खाली न घालता, डोळ्याला डोळा भिडवून, कर्ज काढायला निघालेल्या माणसाला सांगायचे होते की अमुक इतके मला माहीत आहे आणि इथून पुढचे माहीत नाही. हे सांगायला शिकण्यात माझी दोन वर्षे गेली असतील. त्या शिकण्याचे पैसे सरकारने दिले, आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. का, ते पुढच्या हकिकतीवरून कळेल.

एका वस्तीवर दोन चुलत भावांच्या जमिनी लागून आहेत. धाकट्याने डाळिंब लावले आणि कर्ज काढून पाणाड्याने दाखवलेल्या जागी बोअर घेतले. पाचशे फुटांच्या पुढे गेल्यावर पाणी लागले. थोरल्याची वडिलोपार्जित विहीर तिथून हाकेच्या अंतरावर, सात परस खोल. ती विहीर माझ्या यादीत होती, म्हणजे बोअर होण्याआधीच्या दोन उन्हाळ्यांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. बोअर चालू झाले त्या उन्हाळ्यात, रात्रीतून भरणारी ही विहीर भरायला दोन दिवस लागू लागले. थोरले माझ्याकडे आले. ‘मॅडम, तुमच्या वहीत समदं हाय. तेवढं लिहून द्या, मी तहसीलला जातो.’ दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी घरी चहाला बोलावले. ‘ताई, पाऊसच कमी झालाय औंदा, तेवढं लिहा.’

पाऊस त्या वर्षी खरोखरच कमी झाला होता. विहीर मंदावली हे माझ्या वहीत पांढऱ्यावर काळे होते, पण ती बोअरमुळे मंदावली की पावसामुळे, आणि दोन्हींमुळे असेल तर कशाचा वाटा किती, हे एका उन्हाळ्याच्या आकड्यांवरून वेगळे करता येत नव्हते. मी दोघांनाही तेच सांगितले. थोरले म्हणाले, ‘मग दोन वर्सं तू मोजत काय व्हतीस?’

त्यांच्या या वाक्याने मी आतून हलले. लिहून देणे सोपे होते. माझाही मनातून कल बोअरकडेच होता, थोरल्यांची बाजू मला न्यायाची वाटत होती आणि त्यांच्याच घरी मी कितीदा जेवले होते. माझ्या सही-शिक्क्याच्या कागदाला तहसील कचेरीत वजन आले असते. पण मला वाटते ते आणि मला ठाऊक आहे ते यांच्यात जी जागा उरते, ती भरून काढण्यासाठीच मला तिथे पाठवले होते. ती जागा आधीच बुजवून टाकली असती तर पाणाड्याने केले त्याहून वेगळे मी काहीच केले नसते.

मी धाकट्यांना विनंती केली की पुढच्या हिवाळ्यात, बागेला ताण द्यायच्या काळात, काही दिवस बोअर पूर्ण बंद ठेवावे आणि मग मी सांगेन त्या वेळी चालू करावे. ते आधी नाही म्हणाले. शेवटी त्यांच्या मालकीणबाईंनी मनावर घेतले. पाऊस त्या वर्षी बरा झाला होता. बोअर बंद असताना विहिरीची पातळी स्थिर होती, चालू केल्यावर काही तासांतच ती उतरू लागली आणि बंद केल्यावर पुन्हा सावरली. कारणही हळूहळू उलगडले. आपल्याकडे बोअरला केसिंग बहुधा कठीण कातळ लागेपर्यंतच घालतात. त्याखाली भोक उघडेच राहते, आणि वरच्या थरांतल्या फटींचे पाणी त्यातून झिरपत खोल जाते. धाकट्यांना वाटत होते आपण पाचशे फुटांखालचे, कुणाचेच नसलेले पाणी उपसतो आहोत. प्रत्यक्षात त्यातला काही भाग वरच्याच थराचा, म्हणजे थोरल्यांच्या विहिरीचा होता. दोघांना एकत्र बसवून मी आलेख दाखवले. कमी पावसाचा वाटाही दाखवला, तो थोरल्यांना आवडला नाही. भावांचे भांडण मिटले असे मी म्हणणार नाही, ते अजून एकमेकांच्या कार्याला जात नाहीत. पण बोअर कधी चालवायचे याची वेळ त्यांनी ठरवून घेतली आहे आणि ती पाळली जाते.

२००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आणायची तरतूद आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूटही नव्हेत. माणमधल्या कोणत्याही बांधावर उभे राहून हा आकडा सांगून पाहा, लोक तुमच्याकडे बघत राहतील. कायदा शहाणपणाचा आहे. पण एका भोकाने दुसऱ्याची विहीर कशी आटते हे त्या त्या गावात, त्या त्या खडकात मोजून दाखवणारी माणसे असल्याशिवाय तो कागदावरून उतरणार नाही. शेतकरी पुराव्याला मानतो, हे मी पाहिले आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर ठरवला आणि ऊस लावायचा नाही असा नियम केला. लोकांनी तो स्वीकारला, कारण किती पाणी आहे आणि ते कितीजणांना पुरेल याचा हिशेब समोर होता.

पीएचडीच्या नावाखाली बरेच काही भलते चालते, हा आरोप मी नाकारत नाही. पैसे भरा, आठवड्यात शोधनिबंध छापून मिळेल, असे निरोप आमच्या मोबाइलवर सतत येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, ते योग्यच झाले. त्या सक्तीनेच हा बाजार पोसला होता. वाङ्मयचौर्याविरुद्धही २०१८ पासून नियम आहेत. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांच्या वर गेले तर दुरुस्ती करावी लागते, ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. पण एक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. मी विहिरींवर न जाता वसतिगृहाच्या खोलीत बसून सगळ्या पातळ्या मनाने लिहिल्या असत्या, तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने शून्य टक्के दाखवले असते. खोट्या आकड्यांना हे यंत्र पकडत नाही. ते न लिहिण्याची सवय माणसाच्या अंगी मुरावी लागते, आणि ती मुरते ती अशाच कामात, वर्षानुवर्षे, आपल्याला नको असलेला आकडा आला तरी तोच लिहून.

या बाबतीत मला इरावती कर्वे यांचे उदाहरण सतत आठवते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. युरोपीय गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ असल्याची खूण त्यांच्या कवटीच्या असमान ठेवणीत सापडेल, अशी या गृहस्थांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा या असमानतेशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. परका देश, परकी भाषा, पंचविशीच्या आतबाहेरची तरुणी, आणि पदवी ज्याच्या हाती त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध जाणारे आकडे. त्याच फिशरच्या विचारांचा आधार पुढे नाझींनी घेतला. ‘युगान्त’मधल्या इरावतीबाई आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. महाभारतातल्या थोरामोठ्यांकडे त्यांनी ज्या निर्भय नजरेने पाहिले ती बर्लिनच्या प्रयोगशाळेत घडली असावी, असे मला वाटते. माझ्या मार्गदर्शक बाईंशी माझे असे भांडण कधी झाले नाही. त्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ‘कशावरून?’ एवढेच लिहितात. पहिल्या वर्षी त्या शब्दाची मला धास्ती वाटायची. आता घरी कुणी ‘अमक्या जातीची माणसे अशीच’ म्हणाले, किंवा गावच्या पारावर कुणी आकडा फेकला, की तोच शब्द माझ्या तोंडून निघतो. घरच्यांना त्याचा त्रास होतो. पण गेल्या दिवाळीत वडिलांनी ग्रामपंचायतीच्या बैठकीत टँकरच्या खेपांच्या हिशेबावर तोच प्रश्न विचारला, तेव्हा मला जो आनंद झाला तो संशोधकांच्या परिषदेत पहिल्यांदा निबंध वाचतानाही झाला नव्हता.

आता अधिछात्रवृत्तीकडे येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती ३१,००० वरून ३७,००० रुपये केली, वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ३५,००० वरून ४२,००० रुपये. आकडे चांगले आहेत आणि ते कमी पडतात अशी माझी तक्रार नाही. तक्रार ते कधी येतात याची आहे. मला कोणत्या योजनेतून पैसे मिळतात ते इथे लिहीत नाही, कारण इतर योजनांतल्या मित्रमैत्रिणींचा अनुभवही वेगळा नाही. महिनोन्‌महिने काही येत नाही, मग प्रगती अहवाल पुन्हा मागवला जातो, मग एखाद्या सहीसाठी फाइल थांबते, आणि एक दिवस सगळी थकबाकी एकदम खात्यात पडते. कार्यालयाच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघते. पैसे दिले, एक रुपयाही बुडवला नाही.

पण माझ्या कामात वर्षातली सगळ्यात महत्त्वाची नोंद मे महिन्याची असते. तेव्हा पाणी सर्वांत खाली गेलेले असते आणि विहिरीची खरी ताकद तेव्हाच कळते. ऑक्टोबरातली भरलेली पातळी आणि मेमधली उतरलेली पातळी यांच्यातल्या फरकावर सगळे गणित उभे असते. एका वर्षी मार्चपासून पैसे थांबले. उधारीवर एप्रिल निभावला. मेमध्ये गाडीच्या पेट्रोलला, वस्तीवर राहायला आणि उपसा चाचणीसाठी भाड्याने घ्यायच्या पंपाला पैसे उरले नाहीत. जवळच्या काही विहिरी मी एसटीने आणि पायी जाऊन मोजल्या, लांबच्या राहिल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाचे पाणी उतरले आणि पातळ्या वर आल्या. थकबाकी नंतर आली, पूर्ण आली. पण त्या विहिरींची त्या वर्षीची मेची पातळी आता जगात कुठेही नाही. ती कुणी विकत देऊ शकत नाही, मोजू शकत नाही, अंदाजाने भरली तर तो खोटेपणा. माझ्या तक्त्यात तिथे रिकामी चौकट आहे आणि प्रबंध छापून झाल्यावरही ती रिकामीच राहील. कीटकांवर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा एक हंगाम असाच गेला. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर काम करणाऱ्या एका मित्राचे पैसे पोहोचेपर्यंत टोळ्या कारखान्यांवर निघून गेल्या होत्या.

हे दुःख नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. दुसऱ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके ते जहाज पाणतीराने बुडाल्यामुळे समुद्रात गेली. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राकडून उसने, असे जुळवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये मान्य झाला. बाबासाहेबांसारख्या माणसाला तुटलेला धागा पुन्हा पकडता आला. माझ्यासारख्या हजारोंपैकी कितीजणांना तो पकडता येईल? माझ्या बरोबरीची एक अत्यंत हुशार मुलगी असाच एक खंड पडल्यावर सोडून गेली. घरचे म्हणाले, झाले तेवढे पुरे, आणि स्थळ आलेच होते. तिच्या निवडीबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. ती आज सुखी असेल, तिने तसेच असावे. पण दुधाळ जनावरांच्या आजारांवर तिने गोळा केलेले नमुने तिच्या विभागाच्या फ्रीजमध्ये पडून आहेत आणि ते वाचू शकणारे दुसरे कुणी तिथे नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. माझा प्रबंध इंग्रजीत आहे. तो शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात ठेवला जाईल, जगात कुणालाही वाचता येईल. ज्यांच्या विहिरी मी मोजल्या त्यांना मात्र तो वाचता येणार नाही. म्हणून गेल्या वर्षी मी ग्रामसभेत वेळ मागून घेतला आणि मराठीत सगळे मांडले. दर सहा महिन्यांनी विद्यापीठाच्या समितीपुढे उभी राहते त्यापेक्षा त्या दिवशी मला अधिक घाम फुटला. प्रश्नही अधिक अवघड होते. एका आजींनी विचारले, ‘चर वरच्या आळीनं खणलं, पाणी खालच्या आळीला आलं, मग पुढच्या येळंला वरच्यांनी का खणावं?’ याचे उत्तर भूशास्त्रात नाही. पण पाणी खरोखर खालच्या आळीला जाते, हे माझ्या मोजणीतून ठरल्यावरच तो प्रश्न उघडपणे विचारता आला. पुढचा तास गावाने त्यावर बोलण्यात घालवला आणि मी ऐकत बसले. विद्यापीठाच्या कोणत्याही गुणांकनात या तासाला गुण नाहीत. मराठीत लिहून गावाला दिलेल्या अहवालालाही नाहीत.

प्रबंध झाल्यावर मला काय मिळेल, हेही मोकळेपणाने लिहिते. वरिष्ठ महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातात. माझ्या आधी पीएचडी झालेले दोघे दोन-दोन महाविद्यालयांत धावत तास घेतात, सुट्ट्यांत त्यांना काहीच मिळत नाही. ‘पीएचडी करून काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर काही अंशी शासनाच्याच हाती आहे. शिकवणारी जागा भरली नाही, तर शिकलेला माणूस काय करील?

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. पगाराला जशी तारीख असते तशी अधिछात्रवृत्तीला असावी, आणि ती चुकली तर का चुकली हे कुणीतरी लेखी सांगावे. महाराष्ट्रातल्या गावांवर, पिकांवर, माणसांवर सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक प्रबंधासोबत वीस-पंचवीस पानांचा मराठी अहवाल त्या त्या ग्रामपंचायतीला देणे बंधनकारक करावे आणि त्याला गुणांकनात स्थान द्यावे. बोगस काम पकडायचेच असेल तर त्याहून चांगली कसोटी मला सुचत नाही. ज्या गावावर लिहिले त्या गावापुढे उभे राहून वाचून दाखवायचे.

येत्या अधिवेशनात आपल्यापैकी कुणी एकाने तारांकित प्रश्न द्यावा. राज्य शासनाच्या निरनिराळ्या संस्थांकडून अधिछात्रवृत्ती मिळणाऱ्या संशोधकांपैकी कितीजणांची किती महिन्यांची रक्कम आजच्या तारखेला थकली आहे, फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली, आणि त्या काळात कितीजणांनी नोंदणी सोडली, हे संस्थानिहाय विचारावे. उत्तर आल्यावर उपप्रश्न विचारायला लागणारी माहिती आम्ही विद्यार्थी गोळा करून, तारखांसह, आपल्या कार्यालयात पोहोचवू.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
पुणे पदवीधर मतदारसंघ